सुरण, कोचई, कडू कांदे: तुमच्याकडे खाज कशी घालवता?

दिवाळी झाली की आठवडी बाजारात कंदांचे ढीग लागतात. सुरणाला अर्धं गाव हात लावत नाही, उरलेलं अर्धं सोडत नाही. विदर्भातल्या खेड्यांत कोणते कंद खाता, कसे रांधता, लिहा. यूट्यूबवरचं नको, चुलीजवळचं सांगा.

अचलपूरकडून
गड्डा कोरडाच सोलायचा, हाताला आधी तेल चोळून. ओल्या सुरणानं हात जास्त खाजतात. फोडी चिंचेच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, मग तळायच्या. सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत टोचतात. नुसता मसाला वाढवून काही होत नाही. आजीचं एकच पालुपद, "कच्चा राह्यला त बोंबलसान!" गजेंद्र जातीचा सुरण फारसा खाजत नाही, पण आजीच्या मते त्याले चवच नाही.

साकोलीकडून
कोचई, म्हणजे अळूचे कंद. परसात न्हाणीचं पाणी जातं तिथं आपोआप वाढते. उकडा, सोला, ताकात शिजवा. पानांच्या वड्या. बस.

धानोऱ्याहून
आमच्या जंगलात कडू कांद्याचा वेल असतो. पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे गोळे लटकतात. पातळ काप करून राखेच्या पाण्यात उकळायचे, मग बांबूच्या टोपलीत भरून रात्रभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. सकाळी एक काप चाखायचा. कडू लागला तर टोपली परत पाण्यात. कडूपणा गेला की नुसतं मीठ लावूनही छान लागतात.
एक मात्र सांगते. तीन-तीन पानांचा काटेरी वेल दिसला तर घाई नको. तो कंद विषारी. जुन्या बाया त्याचे काप कितीतरी दिवस पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. फोटो पाठवून "हा खाऊ का?" विचारू नका. जाणत्या बाईला सोबत नेल्याशिवाय खणूच नका.

मालेगाव, वाशीम
महाशिवरात्रीला रताळी. चुलीच्या आरात भाजून, साल काढून, वरून तूप. किसापेक्षा हेच बरं. पण लावायची हिंमत होत नाही, रानडुकरं एका रात्रीत अख्खं वावर नांगरून टाकतात. पंचनाम्याला माणूस आला तर म्हणे सातबाऱ्यावर रताळी कुठं आहेत? बांधावरच्या चार ओळी कोण नोंदवतं जी?

समुद्रपूरकडून
हळद चालेल का? कंदच आहे शेवटी. आमच्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ओल्या हळदीचं लिंबाच्या रसातलं लोणचं करून बघा. बोटं पिवळी होतात, होऊ द्या.
धानोऱ्याच्या ताई, राख कोणत्या लाकडाची घेता?

धानोऱ्याहून
चुलीत असेल ती. फक्त चूल पेटवायला प्लास्टिक जाळलं असेल तर ती नको. आजकाल पोरं तेच करतात.