मदत हवी आहे: स्वयंपाकातला नियम कुठला आणि आवड कुठली?

नवशिक्यांसाठी स्वयंपाकाची टिपणं लिहितेय. राजमा भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळायलाच हवा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही. हा नियमच. भाजी मऊ हवी की करकरीत, ही मात्र आवड.

अडतंय ते मधल्या पद्धतींपाशी. मोठ्या आचेवर आधी परतलं की मांसाचा रस आत कोंडतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगचं १८४७ मधलं मत चुकीचं ठरलं. पण लालसर रंगाबरोबर चव खुलते, म्हणून पद्धत टिकली! पुस्तकं चाळली, दोन्ही प्रकारे करूनही पाहिलं. रस दोन्हीकडे सुटतोच. सुरक्षिततेचे नियम माझ्याकडे आहेत, ते नकोत. कारण चुकीचं पण पद्धत उपयोगी, अशा गोष्टी ‘बरोबर’ म्हणून शिकवाव्यात की ‘आवडीनुसार’ म्हणून, आणि हे कशावरून ठरवता?