विषय: स्लाऊचा फ्लॅट, सहा महिन्यांचे आगाऊ भाडे आणि जामीन

सप्रेम नमस्कार,

लंडनजवळच्या स्लाऊ गावी, स्टेशनाशेजारी असलेल्या आमच्या फ्लॅटमधील कुटुंब पुढच्या महिन्यात घर सोडत असून, मागच्या खेपेप्रमाणेच पुण्याहून नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबास तो द्यावा, अशी आमची इच्छा आहे. अशा कुटुंबाला इथली पतनोंद नसते, म्हणून आम्ही सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेत असू. आता एजंट त्यास नकार देतो. आपल्या मराठी मंडळाला त्यांच्या भाड्यासाठी जामीन राहता येईल का? तसेच जाहिरातीत ‘फक्त मराठी कुटुंबासाठी’ असे लिहिलेले चालेल का?

आपली,
गणपती सजावट समितीची एक सभासद

*

ताई,

एजंटाचे म्हणणे बरोबर आहे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये एका महिन्यापेक्षा अधिक भाडे आगाऊ मागता येत नाही आणि करारावर सही होण्यापूर्वी तर भाड्यापोटी काहीच घेता येत नाही. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी घेता येते, ती घ्यावी. मंडळ मात्र जामीन राहणार नाही. वर्गणीचा पैसा एका घराच्या भाड्यासाठी अडकवण्याचा अधिकार कार्यकारिणीला नाही. नवागतांना घरे सुचवण्याचे काम गेली अनेक वर्षे स्वागत समिती पाहते, तेव्हा ही विचारणा आधी तिच्याकडे यायला हवी होती. जामीन मिळत नसेल, तर भाडे थोडे उतरवून पाहावे.

खजिनदार

*

खजिनदारसाहेब,

भाडे उतरवावे हे सांगणे सोपे आहे, म्हणून माझ्या लँग्लेच्या फ्लॅटचा हिशेब मांडतो. किंमत ३,००,००० पौंड आणि वर्षाचे भाडे १८,००० पौंड, म्हणजे कागदावर सहा टक्के. त्यातून इमारतीचा सर्व्हिस चार्ज २,६००, एजंटाचे २,१६० आणि दुरुस्ती व गॅसची वार्षिक तपासणी धरून १,००० गेले, की १२,२४० उरतात. दोन लाखांच्या कर्जावर पाच टक्क्यांनी १०,००० व्याज जाते. चाळीस टक्के कर भरणाऱ्याला हे व्याज उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्याच्या फक्त वीस टक्के सवलत मिळते. म्हणून कर २,८९६ येतो आणि वर्षाअखेर ६५६ पौंड खिशातून भरावे लागतात. गेल्या हिवाळ्यात न्हाणीघराची बाहेरच्या बाजूची भिंत बुरशीने छतापर्यंत काळी पडली, दमट हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याची जाळी धुळीने पार बुजली होती. तो खर्च यात धरलेलाच नाही.

लँग्लेचे काका

*

काका,

तुमचा हिशेब पटतो, पण ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. ‘फक्त मराठी’ असे जाहिरातीत लिहिणे २०१०च्या समानता कायद्याविरुद्ध आहे, कारण वंश आणि राष्ट्रीयत्व यांवरून भाडेकरू निवडता येत नाही. शिवाय त्याची गरजही नाही. २०११ साली स्लाऊची लोकसंख्या सुमारे १,४०,२०० होती, ती २०२१च्या जनगणनेत १,५८,५०० झाली, आणि त्यांतील जवळपास ४७ टक्के लोकांनी स्वतःला आशियाई म्हणून नोंदवले. एलिझाबेथ लाइनने थेट लंडनच्या मध्यभागी जाता येत असल्याने भाड्याची घरे शोधणारे कमी नाहीत.

मी स्वतः नागपूरहून आलो तेव्हा दोन घरे केवळ जामीन नसल्यामुळे हातची गेली. तिसऱ्या घरमालकाने कंपनीचे नियुक्तिपत्र आणि पगाराचा आकडा पाहून हो म्हटले, आणि त्या घराचे भाडे मी एकदाही चुकवले नाही. ताईंनीही तीच कागदपत्रे मागावीत आणि इथे भाड्याने राहण्याच्या हक्काची (पासपोर्ट, व्हिसा) तपासणी, जी कायद्याने आवश्यक आहे, ती येणाऱ्या प्रत्येकाची सारख्याच रीतीने करावी.

सिपनहॅमचा सभासद

*

सर्वांचे आभार.

जाहिरातीतून ते शब्द काढले आहेत आणि भाडे आहे तेच ठेवले आहे. खजिनदारकाका, स्वागत समितीला आज रात्री फ्लॅटचा तपशील पाठवते. न्हाणीघराचा पंखा मात्र नवे कुटुंब येण्याआधी बदलून घेईन.