आदिमानव दुसरी-तिसरीतच शिकवावा का?

घोडकाठ:
आपल्याकडे अश्मयुगाची नीट ओळख पाचवीत होते. मला तो फार उशीर वाटतो. माझी मुलगी दुसरीत आहे. परवा अंगणात गारगोटी फोडली आणि निघालेल्या कपचीने काकडी चिरून दाखवली. ती कपची उजेडात धरून बघत बसली, मग म्हणाली, "म्हणजे सुरी दगडात लपली होती?" हे कुतूहल पाचवीच्या स्वाध्यायापर्यंत टिकत नाही हो.

तिसरीच्या बाई:
माझा विरोध आहे. पूर्वीच्या एका शाळेत मी 'आदिमानव' शिकवला होता. तक्त्यावर झाडाची पानं गुंडाळलेला, केस पिंजारलेला माणूस. मधल्या सुट्टीत पोरांनी वर्गातल्या कातकरी मुलीला 'आदिमानव' म्हणून चिडवलं. आदिवासी काय, आदिमानव काय, त्यांच्या कानाला सारखंच. आठवडाभर ती शाळेत आली नाही. मी घरी गेले तर आईच्या पदराआडून बाहेर येईना. या वयात काळाचा अंदाज नसतो. 'आजी लहान असताना' आणि '३,००० वर्षांपूर्वी' मुलांना एकच.

घोडकाठ:
बाई, वाचून पोटात तुटलं. पण दोष त्या तक्त्याचा आहे. शिरूरजवळचं इनामगाव घ्या. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं गाव. कुडाच्या भिंती, धान्याची बळदं, सातूची शेती, लाल मडक्यांवर काळी नक्षी. हे बघून कुणी कुणाला रानटी म्हणेल?

सह्यकडा:
पण ते ताम्रपाषाणयुगातले शेतकरी. शिकार करून, कंदमुळं खाऊन जगणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीची. त्यांना वगळून फक्त नक्षीवाली मडकी दाखवलीत तर शेती नसलेला माणूस कमी प्रतीचा, हेच मुलं शिकतील. बाईंच्या वर्गात तेच झालं ना? शिवाय इनामगावात लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. तेही दुसरीत सांगणार?

घोडकाठ:
पहिला मुद्दा मान्य, माझं चुकलं. दगडाच्या कपचीपासूनच सुरुवात हवी आणि तिचं कसब मुलांना करून दाखवायला हवं. दुसरं मात्र मी सांगितलंय. मुलीने विचारलं, "घरातच का?" 'आईला जवळ हवं असेल' हे ओठांवर आलं होतं, पण खरं कारण कोण सांगणार? म्हणून तिलाच विचारलं. म्हणाली, "पाऊस लागू नये म्हणून." घाबरली नाही. रात्री माझ्याजवळ येऊन झोपली, एवढंच.

तिसरीच्या बाई:
तुमच्या घरी तुम्ही जवळ होतात. माझ्या वर्गात ४० मुलं असतात, आणि कुणाच्या घरात नुकतंच बाळ गेलंय ते मला ठाऊक नसतं. पुरण्याचं मी नाहीच सांगणार.
काळाचं मात्र एक सुचलं. २५ वर्षांची पिढी धरली तर ३,००० वर्षांच्या १२० पिढ्या होतात. तेवढी मुलं आमच्या प्रार्थनेला रोज उभी असतात. एकामागे एक उभी करायची, प्रत्येकाने पुढच्याला आई म्हणायचं, अगदी पुढे इनामगावची बाई. करून बघेन, पण चौथीत. आणि फळ्यावर 'फार पूर्वीची माणसं' लिहीन. 'आदिमानव' हा शब्द आता माझ्या हातून लिहिला जाणार नाही.