मदत हवी आहे: हदीसमधलं 'उत्रुज्जा' म्हणजे नक्की कुठलं फळ? संत्रं, लिंबू की महाळुंग?

कोल्हापूरची_सलमा
सलाम, नमस्कार मंडळी. आमच्या मोहल्ल्यात जुम्म्याला दुपारी बायकांचा दर्स (धर्माचा पाठ) असतो, ज्यांना उर्दू जमत नाही त्यांना मी मराठीत सांगते. या वेळी अबू मूसा अशअरींची ती हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्ही हदीससंग्रहांत आहे बघा, की कुरआन पढणारा मोमिन (खरा श्रद्धावान) उत्रुज्जासारखा, वासही चांगला न् चवही चांगली, न पढणारा मोमिन खजुरासारखा, वास नाही पण गोड, पढणारा मुनाफिक (वरवर श्रद्धा दाखवणारा) रैहानसारखा, वास छान पण चव कडू, आणि न पढणारा मुनाफिक म्हणजे हंजल, वास नाही आणि कडूजहर. खजूर सगळ्यांना माहीत, रैहान म्हणजे सब्ज्याच्या जातीचं, हंजल म्हणजे इंद्रावण, हे सांगता येतंय. घोडं अडलंय पहिल्याच फळावर.

घरातल्या इंग्रजी भाषांतरात 'ऑरेंज' आहे, उर्दूत 'तुरंज', पुतण्यानं मोबाईलवर बघितलं तर लिंबू आलं. दादीच्या वहीत (तिचे वडील हकीम होते) तुरंजचा मुरब्बा लिहिलाय, दिल आणि हाजम्यासाठी, 'साल घ्या' एवढंच वाचता येतंय, पुढचं पान फाटलंय. मंडईत एकानं महाळुंग म्हणून फुटबॉलएवढं गोल फळ दिलं, कापलं तर आत गुलाबी फोडी! मला काही ते वाटेना. तर मराठीत काय म्हणू, ओळखायचं कसं आणि मुरब्बा कसा करतात? जुम्म्याच्या आत सांगा प्लीज.

माळी_बुवा
ताई फसवलं तुम्हाला, ते पपनस. महाळुंग लांबट असतं, साल खडबडीत गाठीगाठीची, टोकाला बोंडी. कापल्यावर बोटभर जाड पांढरा गर आणि मधे एवढासा आंबट कोरडा भाग, बिया भरपूर, म्हणून तर संस्कृतात बीजपूर आणि हिंदीत बिजौरा. नुसतं टोपलीत ठेवलं तरी खोलीभर वास येतो. आणि लिंबू म्हणायला हरकत नाही पण ते उलटं होईल, कारण कागदी लिंबू काय, ते मोठं पिवळं लिंबू काय, दोन्ही महाळुंगाचीच पोरं, संकरातून आलेली.

जुनी_पोथी
संत्रं तर अजिबात म्हणू नका. जुना अरब इतिहासकार मसऊदी लिहितो की नारंज (संत्र्याच्या जातीचं फळ) आणि गोल जातीचं उत्रुज्ज हिजरी ३०० (साधारण इ.स. ९१२) नंतर हिंदुस्थानातून आणून आधी ओमानमध्ये लावलं, मग बसरा, इराक, शाम (सीरिया) असं पसरलं. ते नारंज पण आंबट बरं का, गोड संत्रं त्याच्याही कितीतरी नंतरचं. म्हणजे पैगंबरांच्या काळच्या अरबांना उत्रुज्जा म्हटल्यावर डोळ्यापुढे येणार ते जुनं लांबट महाळुंगच.

जुने आलिम इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी तिब्ब-ए-नबवी या पैगंबरांच्या औषधोपचारांवरच्या पुस्तकात याचे चार भाग धरलेत, साल, गर, आंबट भाग, बी, आणि प्रत्येकाचा मिजाज (प्रकृती) वेगळा. साल गरम-खुश्क (कोरडी), कपड्यांत ठेवली की कसर लागत नाही. आंबट भाग थंड, बी विषावर. त्यातला किस्सा दर्सला नक्की सांगा: किस्रानं (इराणच्या बादशहानं) चिडून हकिमांना कोंडलं आणि म्हणाला एकच खाणं मागा, त्यांनी उत्रुज्ज मागितलं! का, तर ताजं असताना सुगंध, बघून मन खूश, साल वासाला, गर फळ म्हणून, आंबट भाग कालवण म्हणून, बी औषध आणि वर त्यातच तेल. कैदेतसुद्धा डोकं चालत होतं लोकांचं.

जाता जाता, कुरआनातल्या सूरह यूसुफच्या ३१ व्या आयतीत बायकांना सुऱ्या देतात तिथला एक शब्द काही जुन्या मुफस्सिरांनी (कुरआनाच्या भाष्यकारांनी) वेगळ्या पाठानं वाचून महाळुंग असाच घेतलाय. बहुतेक जण तो तक्क्या, मेजवानी असा घेतात, पण फारसी कवितेत त्या बायकांच्या हातात तुरंज असतो तो यामुळेच.

पंचगंगेकाठची
अगं तू कोल्हापूरची आणि हे विचारतेस? अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात काय आहे? म्हाळुंगच की!

मुरब्बा: आतला आंबट भाग काढून टाक (लोणच्यात घाल, फेकू नको), जाड साल गरासकट फोडी करून रात्रभर मिठाच्या पाण्यात. सकाळी धुऊन दोनतीनदा पाणी बदलत उकळ, दरवेळी एक फोड चाखून बघ, कडवटपणा गेला की बास, नाहीतर वासही जातो. मग वजनाइतकी साखर, मंद आचेवर फोडी काचेसारख्या दिसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाक पातळ होतो, परत आटव. घाई केलीस की फोडी चामड्यासारख्या होतात, अनुभव आहे.

गोळीवाली_ताई
मुरब्बा चवीपुरता खा, पण हृदयाचा म्हणून कुणाची गोळी बंद करू नका. आणि ते पपनस घरात कुणी बीपी किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या, काही गोळ्यांचा अंमल त्यानं वाढतो.

कोल्हापूरची_सलमा
अम्मीची गोळी चालू आहे, पपनस शेजारी दिलं. आणि अंबाबाईचं खरंच की! निम्म्या रिक्षांत फोटो बघत मोठी झाले, हातात कुठलं फळ आहे कधी डोक्यातच आलं नाही. आता सरळ 'महाळुंग' म्हणूनच सांगते. एका काकूंच्या परड्यात झाड निघालं, दोन मिळालीत, एक दर्सला फिरवायला आणि एक काल रात्रीच मिठाच्या पाण्यात गेलं. बिया कुणाला लावायला हव्या असतील तर बोला, वाटीभर आहेत.