खांदा आणि खुबा: दोन्ही उखळीचे सांधे, मग हालचालीत एवढा फरक का?

नवशिका: खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे, म्हणजे हाडाचे गोल डोके खोबणीत फिरते असे सांधे आहेत, हे शरीरशास्त्राच्या पाठात वाचले. हात बाजूने उचलत थेट कानाशी नेता येतो, म्हणजे सुमारे १८० अंश. पाय मात्र बाजूला ४५ अंशांच्या आसपास जाऊन अडतो. हा फरक केवळ खोबणीच्या खोलीमुळे पडतो का? शिवाय गुडघा दुमडला की मांडी पोटाजवळ येते, पण पाय ताठ ठेवून उचलला तर बहुतेकांचा तो काटकोनाच्या अलीकडेच थांबतो, याचेही कारण कळावे.

अस्थिपंजर: खोलीचा वाटा मोठा आहेच. खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या त्रिकोणी हाडावरची खोबण बशीसारखी उथळ असून दंडाच्या हाडाच्या डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी तिला टेकलेला असतो, तर खुब्याची खोबण काठावरच्या कूर्चेच्या कड्यासह मांडीच्या हाडाचे अर्ध्याहून अधिक डोके कवेत घेते. परंतु आपली तुलनाच मुळात समतोल नाही. १८० अंश ही संपूर्ण हाताची हालचाल आहे, एकट्या सांध्याची नव्हे. त्यातले साधारण १२० अंश मूळ सांध्यात घडतात आणि उरलेले ६० अंश खवाटा बरगड्यांवरून फिरल्यामुळे मिळतात. खांद्याच्या हालचालीचे अभ्यासक इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडलेले हे दोनास एक प्रमाण सरासरीचे आहे. सुरुवातीच्या ३० अंशांत खवाटा फारसा हलत नाही. एखाद्याच्या पाठीवर खवाट्याच्या खालच्या टोकाला बोट लावून त्याला हात वर न्यायला सांगावे, म्हणजे ते टोक काखेकडे सरकताना स्पष्ट जाणवते. कटीराला, म्हणजे खुब्याची खोबण ज्यात असते त्या कमरेच्या हाडाला, अशी मोकळीक नाही, कारण ते मागच्या बाजूला पाठीच्या कण्याच्या तळाच्या त्रिकास्थीशी जवळजवळ जखडलेले असते.

व्यायामशिक्षक: वरील उत्तरात एक भर घालतो. अंगठा जमिनीकडे राहील असा संपूर्ण हात आत वळवून तो बाजूने उचलून पाहावा. खांद्याच्या पातळीच्या आसपास तो अडतो. तिथेच हात बाहेर वळवून अंगठा वर केला की पुढची वाट मोकळी होते, कारण दंडाच्या हाडाचा उंचवटा खांद्याच्या छताखालून मागे सरकतो. हात उचलण्याच्या व्यायामात ही वळणाची बाब फार थोडे जण सांगतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत आधी सांगायला हवी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाडांत नाही, मांडीच्या मागच्या स्नायूंत आहे. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली चिकटतात, म्हणजे दोन सांधे ओलांडतात. गुडघा ताठ असताना ते आधीच ताणलेले असतात, त्यामुळे खुबा ८० ते ९० अंशांत थांबतो. गुडघा दुमडताच ते सैल पडतात आणि तोच खुबा सुमारे १२० अंशांपर्यंत वाकतो.

नवशिका: दोघांचेही आभार. मग पाय मागे नेताना तो इतका लवकर का अडतो? तिथे तर गुडघ्याचा प्रश्न नाही.

अस्थिपंजर: तिथे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे चिवट पट्टे, आडवे येतात. खुब्याच्या पुढच्या बाजूला शरीरातला सर्वांत बळकट मानला जाणारा अस्थिबंध आहे. पाय मागे जाऊ लागला की तो पिळला जाऊन घट्ट होतो आणि जेमतेम १० ते २० अंशांवर हालचाल रोखतो. त्यापुढे पाय गेल्यासारखा दिसतो, तेव्हा बहुधा कंबर वाकलेली असते. हा अटकाव म्हणजे उणीव नव्हे, कारण त्याच्याच आधारावर आपण स्नायूंना फारसे न शिणवता उभे राहू शकतो. एका पायावर उभे राहताना कटीर तोलून धरणाऱ्या स्नायूंच्या ओढीसह त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. खांद्यासारखा सैल सांधा तो पेलू शकला नसता. उलट बसलेल्या स्थितीत हे अस्थिबंध सैल असतात, म्हणून मोटारीच्या समोरासमोरच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आदळला की मांडीचे हाड खोबणीतून मागे निसटू शकते. खांदा मात्र बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि त्याला एवढ्या मोठ्या आघाताची गरजही लागत नाही.