शब्दचर्चा : 'परमवीर चक्र विजेते' की 'मानकरी'?

प्रश्न : बातम्यांत 'परमवीर चक्र विजेते' असं सर्रास छापतात. 'शौर्य चक्र' आणि 'शौर्यपदक' हेही एकाच अर्थाने येतात. बरोबर काय?

प्रतिसाद : शौर्यपदक हा सर्वसाधारण शब्द. शौर्य चक्र हे मात्र एका ठरावीक सन्मानाचं नाव, आणि ते रणांगणात शत्रूसमोर गाजवलेल्या पराक्रमासाठी नसतंच. त्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रं आहेत. ती २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली. म्हणून १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातले जवान त्यांत आले. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही दुसरी मालिका १९५२ ची. १९६७ पर्यंत तिची नावं 'अशोक चक्र वर्ग १, २, ३' अशी होती, तेव्हा जुन्या घटनेबद्दल लिहिताना 'वर्ग ३' दिसलं तर ती छपाईची चूक समजू नये.

आता 'विजेता'. हा शब्द स्पर्धेतला. तिथे कुणीतरी हरलेलं असतं. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचंच पाहा. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीचे, हे अधिकारी ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत आणि अडथळे हटवत रणगाड्यांना वाट करून देत होते. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात जखमी झाले, तरी काम सोडलं नाही. यात जिंकलं काय? चक्र त्यांना 'प्रदान झालं', 'लाभलं'. ते 'मानकरी'.

प्रतिसाद : 'मानकरी' म्हटलं की गावच्या जत्रेतला वंशपरंपरेचा मान आठवतो. हा मान तर स्वतः कमावलेला.

प्रतिसाद : आक्षेप रास्त आहे. तरी आज 'पुरस्काराचे मानकरी' म्हणताना वारसाहक्क कुणाच्या मनात येत नाही. औपचारिक मजकुरात 'परमवीर चक्राने सन्मानित' लिहावं.

प्रश्न : आणि 'मरणोत्तर'? नावापुढे कंसात घालतात तो.

प्रतिसाद : तो जपून वापरावा. २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. मेजर धनसिंग थापा यांचं १९६२ मध्ये मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं. नंतर कळलं की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. कारगिलनंतर योगेंद्रसिंग यादव यांचंही आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं, मग ते जिवंत असल्याचं कळलं. जुन्या कात्रणावरून लिहिणारा इथेच फसतो.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत मिळालेल्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसचीही (ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान) अशीच गल्लत होते. दोन्ही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. नाईक यशवंत घाडगे यांचा, १० जुलै १९४४ च्या पराक्रमाचा, मरणोत्तर. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांमधून मागे आणलं, मग मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना तो हयातीत मिळाला.

प्रश्न : 'महावीर चक्र व बार' असं लिहितात, तो बार काय?

प्रतिसाद : तेच चक्र दुसऱ्यांदा मिळालं की दुसरं चक्र लटकवत नाहीत, फितीवर धातूची पट्टी चढते. तिला सैन्यात बारच म्हणतात. अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य यांना महावीर चक्र १९६५ च्या युद्धासाठी आणि बार १९७१ च्या युद्धासाठी. 'दोन महावीर चक्रं' पेक्षा 'दोनदा महावीर चक्र' लिहिणं नेमकं.