लीजनची नक्की खरी टीम कुठली?

लीजन ऑफ सुपर-हीरोज (डीसी कॉमिक्समधली भविष्यातल्या तरुण सुपरहीरोंची टीम) वाचायला घेतलंय आणि डोकं गरगरतंय. १९५८ ची मूळ टीम, मग १९९४ ला पाटी पुसून पहिल्यापासून, २००४-०५ ला परत तेच, आणि प्रत्येकाचे फॅन दुसऱ्याच्या टीमला नकली म्हणतात. सुरुवात कुठून करू?

> मूळचीच वाच रे. १९८२ ची ग्रेट डार्कनेस सागा, लेखक लेव्हिट्झ आणि चित्रकार गिफेन, त्यात डीसीचा मोठा खलनायक डार्कसाइड येतो. बाकी सगळी भेसळ.

> भेसळ काय म्हणता काका 😄 आम्ही ९४ वालीवरच वाढलो, हीरोंची नावं बदलली, लाइटनिंग लॅडचा लाइव्ह वायर केला, ट्रिप्लिकेट गर्लची ट्रायड केली म्हणून तेव्हा जुने लोक जाम चिडलेले पण नवीन वाचणाऱ्याला तीस वर्षांचा इतिहास पाठ करावा लागत नव्हता ना, तेच तर हवं होतं.

> मला तर २००४-०५ ची, लेखक मार्क वेड आणि चित्रकार बॅरी किटसनवाली तिसरी टीम आवडते. मोठ्यांचं ऐकायचं नाही म्हणणारी पोरं, एकदम झकास.

> २००८-०९ ला लेखक जेफ जॉन्स आणि चित्रकार जॉर्ज पेरेझने पाच अंकांत तिन्ही टीम एकत्र आणल्या, वेगवेगळ्या समांतर पृथ्वींवरच्या म्हणून. भांडण मिटलं का? छे. २०१९ ला लेखक बेंडिसने चौथी काढली, मग तिच्यावरून सुरू झालं.

> ओके, डार्कनेस सागा मागवतो. काका, आवडली नाही तर पैसे तुमच्याकडून.